दांड्यावरचं नाव

उल्हासनगर कॅम्पपासून बदलापूर गावापर्यंत कुठल्याही घरात जा, मांडणीवर एखादा तरी डबा, एखादं तरी ताट असं सापडेल ज्याच्यावर माझ्या आईचं अक्षर आहे. थापा मारत नाही मी. आई, म्हणजे भिमाबाई, कॅम्पातल्या एका सिंधी शेठच्या भांड्यांच्या दुकानात बसून भांड्यांवर नावं घालायची. हातात ते पेनासारखं गुरगुरणारं मशीन, मांडीवर परात, आणि टिंब टिंब टिंब करत नाव उमटायचं. बाई चौथी शिकलेली, पण अक्षर बघाल तर बघत राहाल. रुखवताची भांडी असोत, बारशाची वाटी असो, विहाराला दान दिलेला पंखा असो, लोक शेठला सांगायचे की भिमाबाईच्या हातचंच पाहिजे. ती दाबून घालायची, खोल. भांडं घासून पातळ झालं तरी नाव राहिलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मी यशोधरा, तिची मोठी मुलगी. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ओतीव भाग तपासायचे, तडा दिसला की बाजूला काढायचा, मग सुपरवायझर कितीही डोळे वटारो. नवऱ्याबरोबर चिखलोलीला राहते. स्टेशन होणार, होणार म्हणून फ्लॅट घेतला, अजून रिक्षानंच फिरतोय. तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात खरं बोलायचं कंत्राट माझ्याकडे आणि गोड बोलायचं माझ्या धाकट्या भावाकडे, राजरत्नकडे. त्याच्या त्या गोड बोलण्यापायी काय होता होता राहिलं, ते सांगते.

राजूचं विमान आहे. विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जे येतं तसलं नाही. अल्ट्रालाइट म्हणतात त्याला. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, डोक्यावर पंख, पंखावर ताणलेलं कापड, कापडाच्या आत ॲल्युमिनियमचे पाईप आणि एक इंजिन. बस. आमच्या बुवापाड्यातल्या चार काकू एकीकडे बसल्या तर तराजू त्यांच्याकडेच झुकेल. राजू आणि त्याचा मित्र भूपेश, दोघांनी किट मागवून ते जोडलं. परवानग्यांसाठी चपला झिजवल्या. बारवी धरणाच्या रस्त्याला सुकऱ्याचा माळ आहे, तिथं पत्र्याची शेड टाकली. सुकऱ्या तिथल्या ठाकूरपाड्यातला, भातशेतीवाला. पावसाळा सरला की माळावरचं गवत कापून पट्टी मोकळी करतो आणि विमान उडेपर्यंत हातातलं काम टाकून बघत उभा राहतो.

आमचे बाबा, सुदाम, टर्नर होते. त्या विमानातले कितीतरी बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, त्यांनी लेथवर स्वतः काढून दिले. विमान उडायच्या आधी ते गेले. आईचं त्याच सुमाराला दुकान सुटलं, कारण शेठच्या पोरानं लेझरचं मशीन आणलं. नवरा गेला आणि हातातलं कामही गेलं. बाई दिवसभर खिडकीशी बसून राहायची. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. मला तर वाटायचं, हिला हलवावं, ओरडावं हिच्यावर. ओरडलेही एकदा. काही उपयोग झाला नाही.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात विमानाचं कापड बदलायचं होतं म्हणून राजूनं ते पूर्ण सुटं केलं. शेड गळत होती, म्हणून सगळे पाईप चादरीत गुंडाळून बुवापाड्याच्या घरी आणले आणि पॅसेजच्या भिंतीला लावून ठेवले. आई त्यांच्या शेजारून ये-जा करायची. एक दिवस राजू कामावरून आला तर पॅसेजमध्ये पाट टाकून आई बसलेली, हातात दुकानातलं तिचं जुनं मशीन. पंखाला खालून धरून ठेवणारा जो तिरका दांडा असतो, त्याच्यावर तिनं नाव घातलं होतं. कालकथित सुदाम सोनावळे यांच्या स्मरणार्थ. ओळ सरळ, टिंबं एकसारखी, वेलांट्या अशा की मोजपट्टी लावून बघा.

राजू तिथंच बसला आणि रडला. आई म्हणाली, "बरं झालंय का रे?" किती महिन्यांनी तिनं आपण होऊन काही विचारलं होतं. मी धावत गेले, मीही बघितलं, माझेही डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू? त्या वेळी माझ्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. त्या दिवसापासून आई सुधारली. बाजारात जायला लागली, विहारात जायला लागली, शेजारणींशी भांडायलासुद्धा लागली.

हिवाळाभर, उन्हाळाभर विमान उडलं. माळावर जो येईल त्याला राजू ते नाव दाखवायचा. लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे.

आता हा राजू कसा, तर महाकाळजीवाला. जगात कुठंही असलं छोटं विमान पडलं की त्याचा रिपोर्ट शोधून वाचणार. कुठं हवेत कापड फाटलं, कुठं पिन निसटली, कुठं जुना बोल्ट तुटून पंख दुमडला. जेवताना हेच सांगत बसायचा, घास उतरायचा नाही. बोल्टची मुदत संपायच्या आत बोल्ट बदलणार. हातात अंगठी घालून कोणाला विमानाला हात लावू देणार नाही, चरा पडतो म्हणून. आणि आईनं घातलेल्या नावाबद्दल या माणसाला एकदाही शंका आली नाही. ते त्याच्या लेखी चरा नव्हतंच, ते बाबांचं नाव होतं.

यंदा पावसाळा संपल्यावर त्यानं मला माळावर बोलावलं. "ताई, उडवायच्या आधी तुझ्या त्या रंगानं एकदा तपासून दे." आमच्या कामात एक लाल रंग असतो. भाग साफ पुसायचा, लाल रंग फवारायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग पुसून वर पांढरी पावडर मारायची. कुठं तडा असेल तर आत शिरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ काढून बाहेर येतो. तडा केसाएवढा का असेना, लपत नाही.

मी जोडाजोड तपासली, बिजागऱ्या तपासल्या. सगळं चांगलं. मग त्या दांड्याकडे आले. नावातल्या टिंबांत रंग शिरणार, ते तर ठरलेलंच. पण पांढरी पावडर मारल्यावर 'सुदाम'च्या 'दा'पासून एक रेघ निघाली आणि टिंबाटिंबाला जोडत दांड्याच्या पाठीकडे वळली. मी ती नखानं चाचपली. पुन्हा साफ केलं, पुन्हा रंग मारला. रेघ पुन्हा तिथंच.

"राजू," मी म्हटलं, "इकडं ये. आणि काही बोलू नकोस, आधी बघ."

त्यानं बघितलं. त्याला समजवायची गरज नव्हती, पण मी समजावलं, कारण माझा राग असाच बाहेर पडतो. शाम्पूच्या पुडीच्या कडेला बारीकशी खाच असते ना, तिथूनच ती सरळ फाटते. भांड्यावर नाव घातलं तर काही होत नाही, कारण भांडं कोणी ओढत नाही. हा दांडा प्रत्येक उड्डाणात ओढला जातो, सैल सुटतो, पुन्हा ओढला जातो. आणि आईची टिंबं खोल. एकेक टिंब म्हणजे एकेक खाच.

"तुटला असता तर?" मी विचारलं.

"पंख वर गेला असता. छत्री उलटते तसा." तो दांड्याकडे बघतच होता. "आणि मी खाली."

मी म्हटलं, चल, आत्ता घरी जाऊ आणि आईला सांगू. तो एकदम माझा हात धरून म्हणाला, "नाही ताई. आईला नाही सांगायचं."

"का?"

"तिला काय वाटेल? बाबांचं नाव घातलं आणि त्याच नावातून दांडा चिरला. ती पुन्हा खिडकीत जाऊन बसेल. तुला पाहिजे का ते?"

"अरे, पण तिनं अजून कुठं काय घातलं असेल तर? सगळे पाईप तिच्याकडेच होते."

"मी बघतो ना. एकेक पाईप बघतो."

त्यानं बघितले, खरंच. दिसणारे सगळे पाईप त्यानं बॅटरी घेऊन बघितले, मीही बघितले. कुठं काही नव्हतं. पंखातले मोठे पाईप कापडाच्या बाहीत होते. ते कापड दरवर्षी उतरवायचं नसतं, त्याचा ताण बिघडतो. राजू म्हणाला, "बाही मीच चढवली होती, काही असतं तर दिसलं असतं." मी म्हटलं, तरी आईला एकदा विचार. एवढंच, बाकी काही सांगू नकोस. तो म्हणाला, "विचारलं की ती का म्हणून विचारणार. तुला आई माहिती नाही का?"

माहिती होती, म्हणूनच मी पुढे बोलले नाही. माझ्या डोळ्यासमोर ती खिडकी आली. कारखान्यात मी कोणाच्या बापाला ऐकत नाही, पण त्या दिवशी भावाचं ऐकलं.

नवा दांडा भूपेशनं मागवला. थेट किटवाल्या कंपनीकडून, शिक्क्यासकट. मी गमतीत म्हटलं, "काय रे, कॅम्पात नाही का मिळाला?" तर तो गंभीर होऊन म्हणाला, "दीदी, मी उल्हासनगरचा आहे. डुप्लिकेट काय असतं ते माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहितीय? जीन्स डुप्लिकेट चालेल, मोबाइल का कव्हर चालेल. हवा में नहीं चलेगा." आता दांड्यावर नाव नाही म्हटल्यावर आई विचारणार, म्हणून राजूनं एक स्टिकर करून घेतला. तेच शब्द, कालकथित सुदाम सोनावळे यांच्या स्मरणार्थ. कंप्युटरची गोल गोल अक्षरं. दांड्याला खरवडण्याचा प्रश्न नाही. मला बघूनच कसंतरी झालं, पण म्हटलं असू दे.

आणि आता ऐका. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या रविवारी राजू आईला विमानात बसवणार होता. कधीपासून कबूल केलं होतं. मोसमातलं पहिलं उड्डाण भूपेशबरोबर, दुसरं आईबरोबर. आईनं पांढरी साडी नेसली, केसांना तेल लावलं, पदराला दोन पिना लावल्या, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून. येताना रिक्षात मला विचारत होती, "वरनं बुवापाडा दिसंल का गं?"

"दिसेल," मी म्हटलं. "तुझ्या वाळत घातलेल्या साड्यासुद्धा दिसतील."

"मंग काढून यायला हव्या व्हत्या."

माळावर पोचलो तेव्हा राजू आणि भूपेशचं पहिलं उड्डाण झालेलं होतं. विमान पट्टीवर उभं, इंजिन बंद, राजू खुशीत. सुकऱ्या लांब बांधावर उभा. त्यानं आईला हात केला आणि ओरडून म्हणाला, "आजी, वारा गुनाचा हाय आज." आई हसली. राजूनं तिच्यासाठी हेल्मेट काढून ठेवलं होतं.

आई सीटकडे नाही गेली. सरळ दांड्याकडे गेली, जशी कोणी घरात शिरल्यावर आधी फोटोसमोर जाऊन हात जोडतं तशी. आणि थांबली.

"हे माझं अक्षर नाय," ती म्हणाली.

राजू गोड हसला. "आई, दांड्याला नवा रंग मारला ना, म्हणून वरून स्टिकर लावला. खाली तुझंच आहे."

आईनं अंगठ्याचं नख स्टिकरवरून फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. जन्मभर ज्या बाईनं पत्र्यावर टिंबं घातली, तिला नखाखाली काय आहे आणि काय नाही हे कोणी सांगायचं? तिनं हात मागे घेतला, पदरात धरला.

"खाली काय नाय," ती म्हणाली. मग हळू, "लोकांसमोर बरं दिसत नव्हतं का रे माझं? हाताचं हाय म्हणून?"

राजू म्हणाला, "नाही गं आई, तसं नाही." भूपेश दुसरीकडे बघायला लागला. राजूनं पुन्हा सुरू केलं, की रंगवाल्यानं घासलं, की मशीननं गेलं, की असं झालं, की तसं झालं. एकेक थाप आधीच्या थापेपेक्षा कच्ची. आणि आईचा चेहरा. खिडकीतला तोच चेहरा मला परत येताना दिसला. जे वाचवायला हे सगळं नाटक केलं, तेच या नाटकानं होत होतं. माझं डोकं सरकलं.

"बास," मी म्हटलं. "राजू, गप्प बस तू. आई, मी सांगते."

राजू म्हणाला, "ताई."

"ताई गेली खड्ड्यात. आई, तुझं अक्षर चांगलं होतं. त्याच्यापेक्षा चांगलं कोणाचं नाही. पण तू नाव दाबून घातलंस ना, त्या टिंबांतून दांडा चिरत गेला. पार 'सुदाम'पासून मागपर्यंत. मीच तपासलं, रंग लावून. हवेत तुटला असता तर राजू खाली आला असता. म्हणून तो काढला आणि नवा लावला. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. झालं, एवढंच आहे."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग राजूकडे, मग त्या नव्या दांड्याकडे. मला वाटलं ती रडेल किंवा तिथंच गवतात बसेल. राजू पुढं झाला, तिला धरायला. तिनं त्याचा हात बाजूला केला.

"टिंबांतनं चिरतं?" तिनं मला विचारलं.

"हो."

"बारीक घातली तरी?"

"जोर येतो त्या जागी असली तर बारीकसुद्धा. का?"

"मंग आतल्याचं काय केलंत?"

मी राजूकडे बघितलं. राजूनं माझ्याकडे.

"कुठला आतला?" राजू म्हणाला.

"पंखातला. तो मोठा पाईप, कापडाच्या आतला. खालच्या अंगाला." आई वैतागून बोलत होती, जशी घरात कोणाला साधी वस्तू सापडत नाही तेव्हा बोलते. "भांडं देताना ज्याच्यासाठी देतो त्याचं नाव वर घालतात आणि देणाराचं बुडाला. तुझ्या बापाचं नाव सगळ्यांना दिसावं म्हणून बाहेर घातलं. माझं काय दाखवायचं? ते मी आत घातलं."

"काय घातलंस?" मी विचारलं.

"चिरंजीव राजरत्न यास आईकडून. बारीकच हाय. दांडा जिथं येऊन लागतो त्याच्या शेजारी, तिथं हात टेकायला बरं पडलं."

दांडा जिथं येऊन लागतो. सगळा ओढा जिथं एकवटतो, नेमकी ती जागा. भूपेश सिंधीत काहीतरी पुटपुटला आणि त्यानं हेल्मेट खाली ठेवलं. आत्ताच अर्ध्या तासापूर्वी तो त्याच पंखाखाली बसून बारवीच्या पाण्यावरून चक्कर मारून आला होता.

राजूनं पंखाच्या टोकाची, कापड आवळणारी दोरी सोडायला घेतली. त्याची बोटं गाठीवरून घसरत होती, म्हणून मी सोडली. भूपेशनं दुसरीकडून धरलं. दांडा उतरवला, पंख जरा खाली घेतला, कापडाची बाही मागे सरकवली. सुकऱ्या बांधावरून खाली आला आणि न सांगता पंखाचं टोक धरून उभा राहिला. मी गवतात पाठीवर झोपून खालून बघितलं. होतं. इतकं बारीक, इतकं नीट, की माहिती नसेल तर कंपनीचाच काही शिक्का वाटावा. चि. राजरत्न यास आईकडून. बाही चढवताना माणूस कापड बघतो, कुठं दुमडतंय का ते. पाईपच्या पोटाला कोण बघतं? राजूनं ते स्वतःच्या हातानं झाकलं होतं.

रंगाचे डबे शेडमध्येच होते. मी पुसलं, लाल मारला. रंग आत शिरायला वेळ द्यावा लागतो. आई माझ्या डोक्याशी उभी होती, तिच्या साडीचा काठ मला दिसत होता. राजू चाकाला टेकून उभा होता आणि हाताचा तळवा पँटवर पुसत होता, पुन्हा पुन्हा. मी मनात म्हणत होते, काही निघू नये. एक तरी चूक माफ व्हावी या बाईला. मग मी पुसलं आणि पांढरं मारलं.

टिंबं लाल झाली. मग 'आईकडून'च्या शेवटापासून एक रेघ निघाली आणि पाईपच्या अंगाला वळून वर जायला लागली. ती आधीच्या दांड्यावरच्या रेघेपेक्षा लांब होती. मी बोट धरून तिच्याबरोबर गेले, ती संपेना. अर्ध्या पाईपला वेढा घालून ती कापडात शिरली होती.

मी बाहेर सरकले. काही सांगावं लागलं नाही, राजूनं वाकून बघितलं होतं. तो गवतात बसला, गुडघ्यांत डोकं घालून.

"मला बघू द्या," आई म्हणाली.

"आई, राहू दे," मी म्हटलं.

"बघू दे म्हणते ना." ती कमरेत वाकली, गुडघा टेकला, पांढऱ्या साडीला माती लागली. मी बॅटरी धरली. तिनं रेघ बघितली. बराच वेळ बघितली. बोट लावलं नाही. मग ती माझ्या खांद्याला धरून उठली आणि राजूच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आत्ता मला बसवून नेणार व्हतास ना? हे तुटलं असतं का?"

राजू गोड बोलू शकला असता. नाही बोलला. "माहीत नाही आई," तो म्हणाला. "आज नसतं तर पुढच्या खेपेला. कधीतरी तुटलं असतंच."

"आणि दांडा चिरला तेव्हा ताई बोलली असंलच ना, आईला विचार म्हणून?"

"हो."

"मंग का नाय विचारलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

आईनं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, लहानपणी शाळेत जाताना पावडर लावायला करायची तसं. तिचे डोळे कोरडे होते. मी तिला इतकी रागावलेली कधीच बघितली नव्हती, बाबा दारू पिऊन आले होते त्या दिवशीसुद्धा नाही.

"मला वाईट वाटू नये," ती म्हणाली, "म्हणून तू मरणार व्हतास?"